दारावरचं कडं

कॅल्युमेटच्या सातव्या गल्लीत
अकरा वर्षं मी टपाल वाटते आहे.
इतर घरं नंबरावरून ओळखते,
लेम्पी कार्व्होनेनचं दारावरच्या कड्यावरून.

ऋतू चार असतात, असं पाहुणे म्हणतात.
सुपीरियर सरोवराच्या काठी आम्ही असे मोजतो :
हिवाळा, उरलेला हिवाळा, डास, रस्तादुरुस्ती.
लेम्पीचं दार मात्र
कॅलेंडरच्या आधी पान उलटतं.

डिसेंबरात सीडरच्या डहाळ्या,
कुंपणाबाहेर वाकलेल्या, म्हणून फुकटच्या;
मध्ये फ्लॅनेलच्या जुन्या सदऱ्याची लाल चिंधी,
तिच्यात एक काजं अजून उघडं,
बटणाची वाट बघत.

एप्रिलात, बर्फ खिडकीच्या कमरेला असताना,
राखी लवीच्या विलोच्या काड्या,
आणि कांद्याच्या सालीत उकळून तांबूस केलेली
अंड्यांची टरफलं. आतलं तिने फुंकून काढलं
आणि आठवडाभर ऑम्लेट खाल्लं.

जूनमध्ये बर्चची साल, वेणीच्या रिबिनीसारखी,
आणि डेझी, ज्या दोन दिवसांत माना टाकतात.
"टाकू देत. रस्त्याकडेला काय कमी आहेत?"

मग मेणात बुडवलेली मेपलची पानं,
सफरचंदाच्या वाळवलेल्या चकत्या
(दोन खारीने नेल्या, त्यांची जागा तिने रिकामीच ठेवली),
आणि शिकारीच्या मोसमात वर एक नारिंगी पट्टी,
कुणी दाराला हरीण समजू नये म्हणून.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या पाठीमागे
पेन्सिलीत खर्च मांडलेला :
मेण, एक डॉलर दहा सेंट.
तार, काही नाही.
डहाळ्या, देवाच्या.
हे खोडून खाली :
हेइक्कीच्या, पण त्याला माहीत नाही.

या फेब्रुवारीत पायरीवर घसरली.
उजवा हात प्लास्टरात, बोटं मात्र बाहेर,
वळवळणारी, बेरोजगार.
मार्च उलटला तरी दारावर सीडरच,
चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी.
वीजबिल हातात देताना मला म्हणाली,
"उतरव ते. मला लाज वाटते."

टेबलावर वर्तमानपत्र पसरून
मी कडं सोडवायला बसले.
काटक्या झडल्या, चिंधी निघाली,
आणि खाली दिसले रबरबँड.
माझे. टपालखात्याचे, मातकट रंगाचे,
गठ्ठे सोडताना तिच्या पायरीवर पडलेले,
वारा नेतो असं मी धरून चाललेले.
काही ताजे, काही इतके जुने
की बोट लावताच तुटले.
अकरा वर्षं प्रत्येक ऋतू
माझ्या निष्काळजीपणाने बांधलेला होता.

रबरांच्या आत तार. हँगर, ओढून गोल केलेला,
आकड्याची मान तशीच,
खांद्यावर चिकटलेला कागदाचा तुकडा,
बंद पडलेल्या लाँड्रीचं अर्धं नाव.

"एइनोचा काळा सूट यावर आला होता," लेम्पी म्हणाली.
"सूट त्याच्याबरोबर गेला.
कपाटात हा एकटा वाजत राहायचा.
शेवटी मी त्याची मान धरली
आणि म्हटलं, चल, बाहेर लटक."

एवढंच. पुढे काही बोलली नाही.
मला विलोची एकेक काडी पुढे करत गेली, डाव्या हाताने,
आणि मी बांधत गेले, तिच्या धाकात :
जवळ, आणखी जवळ, गाठ मागे,
टरफलाला दाबू नकोस, बाई, ते पाकीट नाही.

लावल्यावर ते एका अंगाला कललं.
मी सरळ करायला गेले, तर म्हणाली,
"राहू दे तिरकं.
लोकांना कळेल, या वर्षी हात मोडलाय."

त्या दिवशी फेरी पंचवीस मिनिटं लांबली.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : बर्फ.
आणि पिशवीतल्या गठ्ठ्यांची रबरं
उरलेल्या गल्लीभर
एकही खाली पडू दिली नाही.
ती सगळी आता तीनशे बारा नंबरची आहेत.